तळटिपेतले हसू

परीक्षक होणे ही गोष्ट बाहेरून दिसते तितकी सुखाची नाही. शाळेची स्नेहसंमेलने, तालुक्याच्या वक्तृत्वस्पर्धा, गणेशोत्सवातल्या एकांकिका अशा ठिकाणी मी पुष्कळदा परीक्षकाच्या खुर्चीत बसले आहे. हातात एक छापील तक्ता देतात. त्यावर पाठांतर, आवाज, हावभाव, मांडणी असे रकाने आखलेले असतात. रडवणाऱ्या नाटकाला गुण देणे त्यातल्या त्यात सोपे. चार बायकांचे पदर डोळ्यांना लागले की काम झाले. पण विनोदी नाटकाला गुण द्यायचे म्हणजे परीक्षा परीक्षकाचीच! पोरे एका जागी हसतात, पालक दुसऱ्या जागी, आणि पहिल्या रांगेतले पाहुणे हसू आले तरी मानाला जपून बसतात. बरे, विनोद आपल्या गावचा असला तर निदान कोण का हसले हे कळते. तो परक्या मुलखातला आणि चाळीस वर्षांपूर्वीचा असेल तर?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असेच एक परीक्षण माझ्या वाट्याला आले. माझा भाचा अमेरिकेत वाढलेला. पस्तिशी गाठली तरी आमच्या घरी तो अजून ‘बाळ’च आहे. तो यंदा दिवाळीला आला तो बॅगेत कपडे कमी आणि तबकड्या जास्त घेऊन. एका जुन्या जपानी विनोदी चित्रमालिकेच्या पन्नास डीव्हीडी त्याच्याकडे आहेत. त्यांतल्या पहिल्या दहा तो बरोबर घेऊन आला होता.

“आत्या, मी घर बदलतोय,” तो म्हणाला. “नवीन जागा छोटी आहे. ही मालिका आता जास्त स्वच्छ चित्राची मिळते. मग हे जुनं ठेवू की देऊन टाकू? तू परीक्षक असतेस ना? तूच मार्क दे.”

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी वाचते, पण बोट ठेवून. जपानी तर काळ्या दगडावरची रेघ. पण परीक्षकाने नाही म्हणायचे नसते. मी वहीचे एक पान फाडले, पट्टीने पाच रकाने आखले आणि फराळाची ताटली मांडीवर घेऊन बसले. माझी आई शेजारी पाटावर होती. नववीतली माझी मुलगी खाली चटईवर.

मालिकेचे नाव ‘उरुसेई यात्सुरा’. रूमिको ताकाहाशी या लेखिका-चित्रकर्तीने ती चित्रकथा म्हणून १९७८ साली एका साप्ताहिकात सुरू केली, तेव्हा ती अवघी विशीतली होती. १९८७ पर्यंत ती चालली आणि तिचे चौतीस खंड झाले. पुढे २०१९ साली फ्रान्समधल्या आंगुलेम येथील चित्रकथांच्या महोत्सवात या बाईंना सर्वोच्च सन्मान मिळाला. कथेवरून केलेली मालिका जपानच्या फुजी टेलिव्हिजनवर ऑक्टोबर १९८१ पासून मार्च १९८६ पर्यंत दर आठवड्याला लागत असे. एकूण १९५ भाग झाले. सुरुवातीच्या बऱ्याच भागांत दोन-दोन छोट्या गोष्टी असत. पहिल्या १०६ भागांची सूत्रे मामोरू ओशिई यांच्याकडे होती. पुढे गंभीर चित्रपटांसाठी जगभर नाव झालेले हेच ते दिग्दर्शक.

गोष्ट अशी. आकाशातून ओनी लोक पृथ्वी जिंकायला येतात. ओनी म्हणजे जपानी लोककथांतले शिंगांचे राक्षस. पण ते भले राक्षस! म्हणतात, तुमच्यातल्या एकाने आमच्या मुलीची शिंगे दहा दिवसांत पकडून दाखवावीत, मग आम्ही परत जातो. म्हणजे पकडापकडीच. आपल्याकडे ज्याच्यावर राज्य येते, त्या गड्याला जपानी मुले ओनीच म्हणतात. पृथ्वीच्या वतीने निवड होते आतारू मोरोबोशी नावाच्या पोराची. अभ्यासात कच्चा, नशिबाने फुटका आणि पोरींच्या मागे लागण्यात पटाईत. नऊ दिवस तो हरतो. शेवटी त्याची मैत्रीण शिनोबू म्हणते, जिंकलास तर तुझ्याशी लग्न करीन. दहाव्या दिवशी तो शिंगे पकडतो आणि आनंदाने ओरडतो, “आता लग्न करता येईल!” राक्षसाच्या मुलीला, म्हणजे लमला, वाटते की हा आपल्यालाच मागणी घालतो आहे. ती लाजते, हो म्हणते आणि त्याच्या घरी राहायला येते. पुढले सगळे भाग या एका गैरसमजाचे. याने दुसरीकडे पाहिले की ती विजेचा झटका देते, आणि हा पाहिल्यावाचून राहत नाही.

आईने पडद्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “राक्षसीण दिसते. पण वळणाची आहे हो पोर.”

परीक्षणाला बसण्यापूर्वी ही मालिका घराघरात कशी पोचली ते बाळने मला सांगितले. ज्या काळी ती तयार झाली त्या काळी दूरचित्रवाणीचे पुष्कळ कार्यक्रम जगात जपलेच गेले नाहीत. चित्रफीत महाग, म्हणून जुना कार्यक्रम पुसून तिच्यावर नवा घेत. जपानच्या एनएचकेचेही कितीतरी जुने कार्यक्रम असेच गेले. चित्रमालिका वाचल्या, कारण त्या फितीवर नव्हे तर फिल्मवर काढलेल्या असत. पारदर्शक पत्र्यावर माणसे रंगवायची, ती रंगवलेल्या देखाव्यावर ठेवायची आणि एकेक चित्राचा फोटो फिल्मवर घ्यायचा, अशी ती रीत. फिल्म उरली म्हणून मालिका उरली. १९८७ साली जपानात तिचा लेझर डिस्कचा संच निघाला. मोठ्या ताटाएवढ्या पन्नास तबकड्या, किंमत ३,३०,००० येन. एवढे पैसे मोजून हसू विकत घेणारी माणसे निघाली, याचे मला राहूनराहून नवल वाटते. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्यातल्या ॲनिमएगो नावाच्या छोट्या कंपनीने ती आधी १९९० नंतरच्या काळात कॅसेटवर आणली आणि मग २००१ ते २००६ या काळात डीव्हीडीवर. बाळच्या बॅगेतल्या तबकड्या या दुसऱ्या खेपेतल्या. जपानात २०१३ पासून ब्ल्यू-रे तबकड्या आल्या, आणि पुढे त्या अमेरिकेतही निघाल्या.

आता गुण.

पहिला रकाना चित्राचा, वीस गुणांचा. जुन्या डीव्हीडीवरचे चित्र थोडे मळकट आहे. कधी रंगवलेल्या पत्र्यावर बसलेली धूळ ठिपक्यांसारखी चमकते, कधी चित्र किंचित थरथरते. बाळने नव्या संचातला एक तुकडा मला संगणकावर शेजारी लावून दाखवला. तो धुतल्यासारखा लख्ख होता. पण स्वच्छता हीदेखील जपून करायची गोष्ट आहे. दिवाळीत आम्ही देवघरातली समई चिंच-मीठ लावून घासतो. काळा थर निघावा इतकेच घासायचे असते. त्याहून जोर लावला तर तिच्यावरची नक्षीच जाते. जुनी चित्रे साफ करणारांतही काही जण फिल्मचा बारीक रवा घालवायच्या नादात चित्रकाराने काढलेली रेघसुद्धा पुसट करतात, असे बाळ म्हणाला. काही महाभाग चौकोनी चित्र रुंद पडद्यावर भरून दिसावे म्हणून डोक्याकडून आणि पायाकडून कापतात. या तबकड्यांत तसला अत्याचार नाही. चित्र जसे चौकोनी होते तसे आहे. मळ आहे, पण नक्षीही आहे. वीसपैकी तेरा.

दुसरा रकाना आवाजाचा, दहा गुणांचा. आवाज एकाच वाहिनीचा, जुन्या रेडिओसारखा. पण माणसे मूळचीच बोलतात. लमचा आवाज फुमी हिरानो यांचा आणि आतारूचा तोशिओ फुरुकावा यांचा. भाषेचा एक शब्द कळत नसताना केवळ स्वरावरून आईला कळत होते की आता हा पोरगा थाप मारतो आहे. नटाच्या आवाजाची याहून मोठी पावती मला ठाऊक नाही. दहापैकी आठ.

तिसरा रकाना भाषांतराचा. याला मी तीस गुण ठेवले, कारण मी भाषा शिकवते. बोलणे चालू असताना चित्राखाली इंग्रजी ओळी येतात. दोन माणसे एकदम भांडू लागली की दोघांच्या ओळी वेगवेगळ्या रंगांत. ही युक्ती मला फार आवडली. भांडणात कोण काय म्हणाले हे आमच्या आळीतसुद्धा इतके स्पष्ट कळत नाही. ओळी भरभर पळतात आणि माझ्यासारखी बोट ठेवून वाचणारी मागे पडते. पण बाळ यंत्र थांबवत होता, आणि मुलगी मला मराठीत सांगत होती.

खरी पंचाईत पुढे आहे. या मालिकेचे नावच मुळी कोटी आहे. ‘उरुसाई यात्सुरा’ म्हणजे डोके उठवणारी मंडळी. त्यातल्या ‘साई’च्या जागी लेखिकेने ‘सेई’ केले आणि ते ताऱ्याच्या चित्रलिपीत लिहिले. म्हणजे डोके उठवणारी आणि आकाशातून आलेली, दोन्ही एकाच शब्दात. आता हे इंग्रजीत आणा पाहू! तसेच लमचे बोलणे. तिच्या वाक्याच्या शेवटी ‘दाच्चा’ असा एक हेल येतो. मालवणी बाईच्या ‘गो’सारखा किंवा कोल्हापूरकराच्या ‘की वो’सारखा. त्या एका हेलात सारे परकेपण आणि सारा गोडवा. इंग्रजी ओळींत तो वाहून गेला आहे.

यावर एक उपाय आपल्याकडच्या मुलांना चांगला ठाऊक आहे. डोरेमॉन आपल्या घरात हिंदीत बोलतो. त्याचा आवडता खाऊ जपानीत ‘दोरायाकी’. हिंदीत त्याचा ‘डोरा केक’ झाला, आणि आमच्या शाळेतली पोरे वाढदिवसाला डोरा केक मागू लागली. अमेरिकेत २०१४ साली तोच डोरेमॉन दाखवताना त्याचा ‘यमी बन’ केला. लहान मुलांसाठी हे ठीकच. कोवळ्या पोराला विनोद समजावून सांगत कोण बसणार? पण अशा रीतीने सगळेच आपल्यासारखे करून घेतले तर पाहुणा घरी येऊनही त्याची ओळख होत नाही. आपण आपल्याच कपड्यातल्या माणसाशी बोलत राहतो. या तबकड्यांच्या भाषांतरकाराने शब्द बदलून सोय केली नाही. जिथे जमले तिथे आणले, जिथे जमले नाही तिथे तसेच ठेवले. तीसपैकी बावीस.

आणि जिथे तसेच ठेवले तिथे टीप दिली. चौथा रकाना या टिपांचा. तोही तीस गुणांचा.

टिपा दोन तऱ्हेच्या. काही पडद्याच्या माथ्यावर क्षणभर दिसणाऱ्या, आणि काही डबीत घातलेल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेल्या. शाळेच्या पुस्तकात धड्याखाली शब्दार्थ आणि टिपा असतात, तशा. मुलांना त्या नकोशा वाटतात हे मला ठाऊक आहे, कारण परीक्षेत त्यांवर प्रश्न येतात. पण या कागदांवर परीक्षा नाही. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाने आरंभीच हमी दिली आहे की मुळात नाही ते मी लिहिणार नाही आणि नको असलेले सांगणार नाही. टिपांना मोजायला यापेक्षा चांगला गज मला सापडला नाही, म्हणून तोच मी लावून पाहिला.

पहिली टीप लमच्या पोशाखाची. ती वाघाच्या कातड्याचे कपडे का घालते आणि तिला शिंगे का? जुन्या जपानी समजुतीप्रमाणे अनिष्ट गोष्टी ईशान्येकडून येतात. त्यांच्या बारा प्राण्यांच्या दिशाचक्रात ती दिशा बैल आणि वाघ यांच्या मधली. म्हणून ओनीला बैलाची शिंगे आणि वाघाचे कातडे! हे वाचल्यावर मी आईला सांगितले. आमच्याकडे ईशान्य म्हणजे देवघराची जागा. आई म्हणाली, “त्यांचा राक्षस आणि आपला देव एकाच कोपऱ्यात? मग भांडण होणारच.”

दुसरी टीप गावाच्या नावाची. सारी गोष्ट तोमोबिकी नावाच्या गावात घडते. जपानी पंचांगात सहा दिवसांचे एक चक्र आहे. त्यात तोमोबिकी नावाचा दिवस येतो. नावातच ‘मित्राला ओढणे’ असा अर्थ निघतो, म्हणून त्या दिवशी प्रेतसंस्कार करीत नाहीत. जाणारा आपल्या मित्रांनाही ओढून नेईल ही भीती. हे वाचताच मी आणि आई एकदमच म्हणालो, “पंचक!” आपल्याकडेही पंचकात माणूस गेला तर तो एकटा जात नाही असे म्हणतात आणि त्यासाठी शांत करतात. म्हणजे आतारूच्या गावाचे नाव ‘पंचकवाडी’ आहे. असल्या गावात एकाची आपत्ती साऱ्या आळीवर येणार नाही तर काय होणार? ती टीप नसती तर अमेरिकेतल्या पोराला ते नुसते एक नाव वाटले असते. आम्ही मात्र टीप वाचल्यावर अमेरिकनांपेक्षा जास्त हसलो, कारण आमच्या घरात तीच भीती दुसऱ्या नावाने नांदत होती.

आणि तिसरी टीप वाचून तर मी उठून उभी राहिले. लमची एक मैत्रीण आहे, बेन्तेन. अंगावर साखळदंड, आकाशात उडणारी मोटारसायकल, तोंडाने फटकळ. जपानात फेब्रुवारीच्या आरंभी सेत्सुबुन नावाचा सण येतो. त्या दिवशी भाजलेले सोयाबीनचे दाणे फेकून ‘ओनी बाहेर, सुख आत’ असे म्हणतात. मालिकेत या सणाचे युद्धच केले आहे. एका बाजूला लमचे ओनी लोक, दुसऱ्या बाजूला सुखदेवतांचे लोक, आणि त्यांत पुढे ही बेन्तेन. आता जपानच्या सात सुखदेवतांतली बेन्तेन किंवा बेन्झाइतेन म्हणजे कोण? बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेलेली आपली सरस्वती! तिच्या हातात तिथे बिवा नावाचे वीणेसारखे वाद्य असते. त्याच सातांतला दाइकोकुतेन हा मूळचा महाकाल आणि बिशामोनतेन हा कुबेर.

मी हे आईला सांगितले. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिने आम्हा भावंडांना अक्षरे गिरवायला लावली होती. तिने चष्मा पुसून पुन्हा एकदा त्या मोटारसायकलवाल्या मुलीकडे पाहिले.

“मग वीणा कुठे ठेवली?” तिने विचारले.

“डिकीत असेल, आजी,” बाळ म्हणाला.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. चाळीस वर्षांपूर्वीचा जपानी विनोद, इंग्रजी टिपेवरून आमच्या ओसरीवर आला आणि तिथे त्याला मराठी पालवी फुटली. परीक्षक म्हणून मला आणखी काय पाहिजे?

सगळ्याच टिपा अशा फळतात असे नाही. त्या वेळच्या गाण्यांवर आणि जाहिरातींवर केलेल्या काही कोट्या टीप वाचूनही कोरड्याच राहतात. फटाका विझल्यावर तो किती मोठा वाजला असता हे सांगण्यासारखे ते आहे. पण मल्लिनाथाच्या गजाने पाहिले तर कागद खरा उतरतो. तो माहिती देतो आणि बाजूला होतो. ‘इथे हसा’ असे कुठेही म्हणत नाही. तीसपैकी सत्तावीस.

पाचवा रकाना मी स्वतःच वाढवला होता. घरात सगळ्यांनी मिळून पाहण्याजोगे आहे का? गुण दहा. हा रकाना भरताना माझा हात अडखळला. आतारू दिसेल त्या मुलीच्या मागे लागतो, पत्ता विचारतो, हात धरू पाहतो. त्याला दरवेळी मार बसतो, वीज बसते, हसे होते ते त्याचेच. तरी दर भागात पुन्हा तेच. १९८१ साली त्यावर घराघरांत हसले असतील. आज मुलगी शेजारी बसलेली असताना आईच्या जातीला ते तितकेसे सोसत नाही. दोन भाग मी गप्प बसले. तिसऱ्याला माझी मुलगीच म्हणाली, “आई, तो कधी जिंकत नाही हे बरंय. पण त्या बाकीच्या मुली कंटाळत असतील ना गं? त्यांच्यावर एक भाग पाहिजे होता.”

हे काढणाऱ्या कंपनीने काही कापले असते तर माझ्या मुलीला हा प्रश्न पडला नसता, आणि मलाही तिच्याशी तासभर जे बोलता आले ते आले नसते. गेल्या वर्षी बसस्टँडवर तिच्या मैत्रिणीच्या मागे एक पोरगा लागत असे ही गोष्ट त्या रात्री मला प्रथमच कळली. त्या मुलीने ते घरी सांगितले नव्हते, कारण वर्गात सगळे त्यावर हसत होते. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईकडे जाऊन आले. म्हणून मी म्हणते, जुना विनोद बाजारात आणताना कात्री लावू नये. मात्र घरात तो लहानांना एकट्याने पाहायला देऊ नये. शेजारी वडीलधारे माणूस हीच त्या जागची टीप. दहापैकी सहा.

बेरीज शहात्तर. प्रथम श्रेणी.

बाळने तक्ता हातात घेतला आणि टिपांच्या रकान्यावर बोट ठेवून तो बराच वेळ बसला. मग म्हणाला, “आत्या, मी चौदा वर्षांचा होतो तेव्हा पहिली डिस्क घेतली. लोकांच्या दारातलं बर्फ काढून पैसे जमवले होते. आपण इकडे फोन करायचो तेव्हा तुम्ही सगळे हसायचा. बाबा फोनवर हसायचे. मी विचारायचो, आजी काय म्हणाली? बाबा म्हणायचे, तुला नाही कळायचं. या कागदानं पहिल्यांदा मला तसं म्हटलं नाही.”

त्यावर मला काही बोलता आले नाही. माझ्या भावाचा तरी काय दोष? दिवसभर परक्या भाषेत राबून आलेल्या माणसाला आईचा एक तिरकस शब्द फोनवर मिळावा, आणि तोही पोराला उलगडून सांगत बसायचे? विनोद सांगताना तो अर्धा सांडतो, आणि त्याला तो सबंध हवा असे. पण त्या सबंध हसण्याच्या बाहेर एक पोरगा उभा राहिला. तो उंबऱ्याच्या आत आला, तर अशा कोणा अनोळखी भाषांतरकाराने लिहिलेल्या चिठ्ठीचे बोट धरून. घरगुती तबकडीचे परीक्षण करणारे लोक चित्र किती स्वच्छ, आवाज किती मोठा आणि किंमत किती हे मोजतात. ते मोजावेच. पण विनोदाच्या बाबतीत मी तरी आधी हे पाहीन की बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तिने आत घेतले की नाही.

मी त्याला निकाल सांगितला. चित्रासाठी नवा संच खुशाल घे. पण हे कागद आणि या तबकड्या टाकू नकोस. जागा नसली तर पलंगाखाली ठेव.

तो जायच्या आदल्या रात्री त्याच्या उशाशी मला एक वही दिसली. पहिल्या पानावर वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिले होते, ‘आजी’. त्याने मला ती वाचू दिली. एका पानावर होते: “शेजारचे काका आले. आजी म्हणाली, या पैलवान. टीप: काका फार बारीक आहेत. त्यांना राग येत नाही.” दुसऱ्या पानावर: “पाहुणे चहा नको म्हणाले. आजी म्हणाली, घ्या हो, दूध नासायला आलंय, तेवढंच खपेल. टीप: दूध ताजे होते. मी पाहिले. असे म्हटले की पाहुण्याला चहा घ्यावाच लागतो. कोकणात माया सरळ सांगत नाहीत.”

तेवढ्यात आई आत आली. तिने आयुष्यभर शिवणयंत्रावर आळीतल्या बायकांची पोलकी शिवली आहेत. आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणून यंत्र झाकून ठेवलेले असते.

“काय रे लिहितोस एवढं?” तिने विचारले.

“टिपा घालतोय, आजी. तुझ्या बोलण्याला.”

आईला टीप म्हटले की शिवणातलीच आठवते. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवीत म्हणाली, “घाल हो. पण बारीक घाल. जाड टीप टोचते.”

बाळने ते वाक्य लिहून घेतले. त्याखाली त्याने ‘टीप’ असा शब्द लिहिला, थोडा वेळ विचार केला आणि पुढची जागा कोरीच ठेवली.